टाके घातल्यानंतरचा इतिहास

१/ थ्रेड. विषय : शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, तिचे आपण केलेले विस्मरण, आणि वाशिम.

आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात एक चित्र दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने फिरते. डोक्याला फेटा, कपाळावर व्रण, आणि नव्याने बसवलेले नाक. हा कावसजी, इंग्रज फौजेचा बैलगाडीवान. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने त्याला पकडले, नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाच्या कातडीपासून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. चित्राखाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात : प्लास्टिक सर्जरी आमची, सुश्रुत आमचा. मीही ते चित्र अभिमानाने पुढे पाठवलेले आहे, तेव्हा पुढचे आरोप माझ्यावरही आहेत.

२/ तो वृत्तान्त शेवटपर्यंत वाचणारे मात्र फार थोडे. कातडी कशी कापली, मेणाच्या साच्यावरून माप कसे घेतले, एवढे सांगून लेखक थांबत नाही. शिवण जुळावी म्हणून काताचे पाणी लावलेले कापड जखमेवर ठेवले, चार दिवस पट्टीला हात लावला नाही, मग ती काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती घातल्या. कपाळाशी जोडलेला कातडीचा पूल सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला, तोवर नव्या नाकाला रक्त त्याच वाटेने मिळत होते.

कापण्याचे काम तास-दीड तासाचे असेल. पंचवीस दिवस राखण्याचे काम होते. त्या पंचवीस दिवसांत कावसजीला कुशीवर वळू न देणारे, त्याला भरवणारे, रात्री उठून पट्टी पाहणारे कोणीतरी होतेच. त्या माणसाचे चित्र कोणी काढले नाही. आपणही त्याच्याविषयी कधी विचारले नाही.

३/ आता सुश्रुताकडे वळू, कारण त्याचे नाव घेतल्याशिवाय आपला एकही थ्रेड पुरा होत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय आहे ‘व्रणितोपासनीय’. म्हणजे ज्याला व्रण झाला आहे त्याची देखभाल. रुग्णाचे घर स्वच्छ असावे, वारा थेट अंगावर येऊ नये, अंथरूण ऐसपैस असावे. जवळ गोड बोलणारे मित्र बसावेत, गोष्टी सांगून त्यांनी वेदनेचा विसर पाडावा. दिवसा झोपू नये. उठताना, बसताना, कूस बदलताना व्रण जपावा. नखे-केस कापलेले असावेत, वस्त्र पांढरे व धुतलेले असावे. मोहरी, कडुलिंबाची पाने, मीठ, तूप यांचा धूप दिवसातून दोनदा, दहा दिवस चालू ठेवावा. संहितेतली शस्त्रांची आणि यंत्रांची यादी आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. हा अध्याय वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

४/ त्याच सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, रुग्ण, औषध आणि परिचारक. चरकानेही हेच चार मोजले आणि परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता हवी असे म्हटले. सुश्रुताच्या यादीत आणखी एक गुण आहे : परिचारक ‘अजुगुप्सु’ हवा, म्हणजे किळस न करणारा.

या एका शब्दावर थांबावेसे वाटते. पू, ओकारी, मलमूत्र, रक्ताने माखलेले कापड यांना हात लावताना ज्याचे तोंड वाकडे होत नाही तो. पुढच्या शतकांत आपल्या समाजाने सुश्रुताचे नाव जपले आणि नेमका हा गुण टाकून दिला. ज्या द्रवांना परिचारकाला स्पर्श करावाच लागतो, त्यांच्याभोवती विटाळाची कुंपणे उभी केली. जो स्पर्श करील त्याला खालचा ठरवले. मग चौथा पाद लंगडा झाला याचे आश्चर्य कसले?

५/ एक खुलासा, नाहीतर मीही तेच केले असे होईल. एकोणिसावा अध्याय म्हणजे आजचा शस्त्रक्रियोत्तर कक्ष नव्हे. धूप कशासाठी, तर निशाचर राक्षस व्रणिताकडे येऊ नयेत म्हणून, असे ग्रंथ सांगतो. जंतूंची कल्पना त्यात शोधू नये. ग्रंथात लिहिले होते म्हणून गावोगावी तसे होत होते, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. माझा दावा लहान आहे : शस्त्र चालवणाऱ्या माणसानेच लिहून ठेवले आहे की शस्त्र हा अर्धाच भाग आहे. आपण मात्र त्याच अर्ध्या भागाची जयंती करतो.

६/ आता ससून. १२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या चौपन्न वर्षांच्या गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत आहेत. मध्येच वीज जाते. विजेरीही दगा देते. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे होते. हा प्रसंग आपल्या वर्तुळात अमाप लोकप्रिय आहे, आणि का असू नये? साम्राज्याचा कैदी, इंग्रज सर्जन, वादळ, कंदील. चित्रपटाला आणखी काय लागते!

पण कंदील विझल्यावर काय झाले? गांधी लगेच बरे होऊन घरी गेले नाहीत. जखमेच्या जागी गळू झाले आणि प्रकृती सुधारण्याचा वेग अपेक्षेपेक्षा मंदावला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली, तरी पुढे काही आठवडे त्यांचा मुक्काम रुग्णालयातच होता. मार्चमध्ये ते हवापालटासाठी जुहूला गेले.

तारखा पाहा. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, रुग्णाच्या खाटेपर्यंत ते पोचले १९४० नंतर. १९२४ मध्ये गळू झाले की हातात एवढेच उरे : निचरा, स्वच्छ पट्टी, ताप मोजणे, अन्नपाणी, आणि पुन्हा पट्टी. हे काम दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे करावे लागते. ते सर्जन करीत नसतो. मॅडॉक यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कंदील ठाऊक आहे. ज्यांनी ती पट्टी बदलली त्यांचे नाव आपल्या किती पोस्टींत आले?

७/ ‘नाव नसले म्हणून काय, तेवढे काही ते मोठे काम नव्हे’ असा आक्षेप येतो. तो अज्ञानातून येतो, म्हणून थोडे सविस्तर.

शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे पहिले काही तास हे बहुधा सर्वांत फसवे असतात. भूल उतरत असते. जीभ मागे पडून श्वासमार्ग अडू शकतो, म्हणून मान आणि कूस कशी ठेवायची हे ठाऊक लागते. वेदनाशामक अफूवर्गीय असेल तर श्वास मंदावतो, आणि रुग्ण शांत निजला आहे असे नातेवाइकांना वाटते. पोटात आत रक्तस्राव सुरू झाला तर वरची पट्टी कोरडीच राहते. तरुण, धडधाकट माणसाचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, आधी वाढते ती नाडी. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब मोजून लिहिणाऱ्या सिस्टरला कागदावर ८४, ९६, ११० अशी चढण दिसते. एकदाच येऊन पाहणाऱ्या डॉक्टरला फक्त ११० दिसतो, आणि तो ‘दुखत असेल’ म्हणून पुढे जाऊ शकतो. जीव वाचतो तो त्या तीन आकड्यांच्या ओळीमुळे.

लघवीच्या पिशवीचेही तेच. प्रौढ माणसाच्या दर किलो वजनामागे तासाला सुमारे अर्धा मिलिलिटर लघवी होत असेल तर मूत्रपिंडाला रक्त पोचते आहे असे समजावे. पिशवी रिकामी दिसते आहे हे कळायला पदवी लागत नाही, पण ती कधीपासून रिकामी आहे हे कळायला कोणीतरी दर तासाला पाहून लिहिलेले असावे लागते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरचा ताप, जखमेभोवतीची लाली, पोटरीत दुखणे. यातले काहीही यंत्र आपोआप सांगत नाही. आज मॉनिटर आहेत, पण मॉनिटर वाजतो तेव्हा उठून जाणारे माणूस लागते.

८/ हे जगालाही फार उशिरा कळले, हे आपल्या समाधानासाठी सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६३ मध्ये रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवले होते की लहान गावांतल्या काही रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली असते आणि रुग्ण सावरेपर्यंत तिथेच राहतो. तरी अशी ‘रिकव्हरी रूम’ सर्वत्र व्हायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय आयोगाने अकरा वर्षांतील मृत्यू तपासले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे टाळता आले असते असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतल्या एका संपन्न शहरात, उत्तम सर्जन हाताशी असताना.

याच काळात आणखी एक समजूत उलटली. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे खाटेवरून उठू देत नसत. १९४० च्या दशकात लवकर उठवून चालवण्याचा आग्रह रूढ होऊ लागला, कारण पडून राहिल्याने छातीत कफ साचतो आणि पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. आपल्याकडची ‘टाके सुटतील, हलू नकोस’ ही आजीची ताकीद त्या जुन्या वैद्यकाचीच शिल्लक आहे. आजीला दोष देऊ नका. रुग्णाला आधार देऊन पहिली चार पावले चालवणारे शिकलेले माणूस तिने पाहिलेलेच नाही.

९/ आता वाशिमला येऊ, कारण माझे खरे भांडण इथे आहे.

वाशिम म्हटले की आपण ‘वत्सगुल्म’ म्हणतो आणि छाती फुगवतो. ते योग्यच आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, याच शाखेतला हरिषेण, त्याच्या वराहदेव नावाच्या सचिवाने कोरवलेले अजिंठ्याचे सोळावे लेणे. (‘गुल्म’ म्हणजे आयुर्वेदात पोटातली गाठ. गावाच्या नावाशी तिचा काही संबंध नाही हे आत्ताच सांगतो, नाहीतर उद्या त्यावरही एक थ्रेड निघेल.) १९३९ मध्ये वाशिममध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि या शाखेचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. काही भाग संस्कृत, काही प्राकृत. राजाचे सदतिसावे राज्यवर्ष. दान कोणाला दिले त्या ब्राह्मणांची नावे आणि कोणाचा किती वाटा, हेही त्यावर आहे.

त्याच गावात, त्याच सुमारास, १९३८ मध्ये आणखी काहीतरी उभे राहत होते. त्यावर मी आजवर एकही मराठी थ्रेड पाहिलेला नाही.

१०/ ते म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या अमेरिकन मिशनचे. ऑर्फा स्पायकर नावाची अमेरिकन डॉक्टर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात आली, तिने हे रुग्णालय सुरू केले आणि अनेक दशके चालवले. नाव मिशनचे आद्य पुढारी हायरम रेनॉल्ड्स यांचे. पुढे तिथे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, त्या कामाशी जीन डार्लिंग या परिचारिकेचे नाव जोडलेले आहे. वाशिम तेव्हा जिल्हाही नव्हता. इंग्रजांनी १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन केला होता, आणि तो परत जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे मधली त्र्याण्णव वर्षे हा मुलूख प्रशासनाच्या लेखी एका मोठ्या जिल्ह्याची कड होती, आणि त्या कडेवर तरुण मुलींना घड्याळ लावून नाडी मोजायला शिकवणारी एक शाळा चालत होती.

११/ इथे ठरलेला आक्षेप येणार : मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. होता. तो त्यांनी लपवलाही नाही. आजाऱ्याच्या असहायतेच्या क्षणी त्याला धर्मोपदेश ऐकवावा का, हा नैतिक प्रश्न खरा आहे आणि त्याची चर्चा जरूर व्हावी.

पण आक्षेप घेणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. हे काम करायला आपल्यातले किती जण पुढे आले होते? पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन काढले आणि ससूनच्या साहाय्याने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ केला. शिकायला आलेल्यांत विधवा होत्या. चांगल्या घरच्या बायकांनी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, या कल्पनेनेच तेव्हाचा पांढरपेशा समाज विटला. हा विरोध मिशनऱ्यांनी पेरलेला नव्हता. तो आपलाच होता, घरचा. ज्या समाजाने ‘अजुगुप्सु’ हा शब्द घडवला, त्याच समाजाने त्या शब्दाला जागणाऱ्या स्त्रियांकडे संशयाने पाहिले. रिकाम्या जागी दुसरे कोणी येऊन बसले तर कुरकुर करण्याचा अधिकार कमी उरतो.

आणि मिशनचे गुणगान करून थांबणेही मला मान्य नाही. त्या रुग्णालयाच्या इंग्रजी इतिहासात नायिका आहे ती समुद्रापलीकडून आलेली डॉक्टर. तिने शिकवलेल्या, रात्रपाळ्या केलेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुली तिथेही बहुधा पार्श्वभूमीलाच उभ्या असतात. म्हणजे इकडून शस्त्राची पूजा, तिकडून संस्थापकाची. उशाशी बसलेली बाई दोन्हीकडे अदृश्य. विंध्यशक्तीकडून सोळाशे वर्षांपूर्वी जमीन घेणाऱ्यांचे वाटे आपल्याला पाठ आहेत. ऐंशी वर्षांपूर्वी त्याच गावात पहिली रात्रपाळी केलेल्या वऱ्हाडी मुलीचे नाव आपण विचारलेले नाही.

१२/ ‘साधने कुठे आहेत?’ असे कोणी विचारील. साधने आहेत, आपल्याला ती साधने वाटत नाहीत एवढेच. वुंडरलिशने १८६८ मध्ये ज्वरमापनावर ग्रंथ लिहिल्यापासून रुग्णाच्या खाटेला तापाचा आलेख टांगण्याची रीत पसरली. तो आलेख हाताने काढलेला असतो, त्यावर वेळ असते, बऱ्याचदा सही असते. पाळी बदलताना लिहिलेली रिपोर्ट बुके, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, तुकडीचे फोटो, निवृत्त सिस्टरांच्या ट्रंकेतल्या पदव्या आणि बिल्ले. मोडी कागदाचा एक तुकडा सापडला तर आपण त्याचे चाळीस फोटो टाकतो. रुग्णालयाच्या तळघरातली नोंदबुके दर काही वर्षांनी रद्दीत जातात आणि कोणाला चुटपूट लागत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या परिचारिका कारंजा, रिसोड, मंगरुळपीर इथे आजही असतील. त्यांच्या आठवणी नोंदवून घ्यायला फोनखेरीज काही लागत नाही. एवढेच की त्या पेशवाईविषयी काही सांगणार नाहीत.

१३/ हा जुना हिशेब उकरून काढण्याचे कारण आजचे आहे.

वाशिम हा महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचे एक होते. आनंद झालाच पाहिजे. त्याआधी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी इथल्या माणसाला सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याची, नाहीतर थेट नागपूरची वाट धरावी लागे, आणि टाके ओले असतानाच खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीने परत यावे लागे. पण तेव्हाच्या अभिनंदनाच्या पोस्टी आठवा. डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी सर्व काही होते. रात्री दोन वाजता शस्त्रक्रियेच्या वॉर्डात किती सिस्टर असतील, हा प्रश्न एकाही पोस्टीत मला दिसला नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड अध्यापन रुग्णालयातल्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. ज्याने आपल्या माणसाची उशाशी बसून रात्र काढली आहे, त्याने आपापल्या अनुभवाशी हा आकडा ताडून पाहावा. बहुतेक वॉर्डांत रात्रीची देखरेख प्रत्यक्षात कोण करते? खाटेखाली चादर अंथरून निजलेली आई, बहीण, मेहुणा. त्यांना सांगितलेले असते, सलाईन संपत आले की हाक मारा. नाडी चढते आहे हे त्यांना कसे कळावे? रुग्ण शांत निजला आहे असे वाटून तेही निजतात.

१४/ माझ्या मते या दोन गोष्टींचा सरळ संबंध आहे. परिचारिकेची जागा रिकामी राहिली तर समाजाला धक्का बसत नाही, कारण समाजाच्या स्मरणात ती जागा कधी भरलेलीच नव्हती. सर्जनशिवाय शस्त्रक्रिया होत नाही हे प्रत्येकाला कळते. परिचारकाशिवाय ती पुरी होत नाही हे सुश्रुताला कळत होते, कावसजीच्या नाकाची हकिकत लिहिणाऱ्या इंग्रजालाही कळत होते. आपल्या पोस्टींतून ते गळाले. इतिहास लिहिणारे जे गाळतात, ते अंदाजपत्रक मांडणारेही सहज गाळतात. त्यांनीही शाळेत तेच वाचलेले असते.

१५/ आता कामाचे. ज्यांच्या घरी, नात्यात, शेजारी वाशिम जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : प्रशिक्षण कुठे व कोणत्या वर्षी, पहिली रात्रपाळी कशी गेली, आणि आकडे पाहून डॉक्टरला झोपेतून उठवावे लागले असा एखादा प्रसंग. नावे छापण्याआधी त्यांची परवानगी घ्या. रुग्णांची नावे अजिबात नकोत. जुने फोटो असतील तर मागच्या बाजूचाही फोटो काढा, तारीख बऱ्याचदा तिथेच असते. जे जमेल ते या थ्रेडखाली टाका. पुढचा थ्रेड त्यातूनच करू, आणि कावसजीचे चित्र त्यात नसेल.